मोजलेलं नाही

बेहाला, कोलकाता
७ जुलै २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. आता डाव्या कानानंही ऐकू येईनासं झालं हे वाचून आईनं पत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सुधाकर असते तर मिरजेला जाऊन आले असते." बाबा गेल्यापासून तिचं अर्धं बोलणं असंच सुरू होतं. तर आता फोन संपला, यापुढे पत्रंच. माझं मराठी कसंही असलं तरी तू चालवून घेशील ना. इथे जन्मून इथेच वाढल्यावर दुसरं काय होणार.

आईला गुडघ्यात फार कष्ट होतो, पण औषध नियमित खाते.

तू विचारलंस की मी ऑफिसात नेमकं काय करते. आईला तीन वेळा सांगून झालंय, ती शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. तुला नीट लिहिते.

आमची कंपनी लहान आहे, सॉल्ट लेकमध्ये. काम असं: मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत, आईवडील इथे एकटे. कोलकात्यात अशी घरं गल्लोगल्ली सापडतात. आमच्या मोबाइल ॲपमध्ये रोज सकाळी एक बटण दाबायचं, म्हणजे "मी ठीक आहे" हा निरोप मुलांपर्यंत पोचतो. बटण दाबलं गेलं नाही तर आम्ही चौकशी करतो. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांना आमच्या बेहाल्याच्या ऑफिसातून नूपुर आणि तिच्या हाताखालच्या सात जणी घरच्या लँडलाइनवर फोन करतात, रविवार सोडून रोज. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला कळवतात.

आता ऑफिसात एक एआय एजंट आणलाय. आमचे साहेब रोहन त्याला साध्या भाषेत प्रश्न विचारतात: कोणती सोय किती लोक वापरतात, कोणी वापरणं थांबवलं, असं. एजंटला स्वतःला काही दिसत नाही. आकडे आणायला त्याला आम्ही टूल देतो, एकेका आकड्यासाठी एकेक. कोणत्या टूलला हात घालायचा आणि त्यातून आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे तो टूलसोबतचं चार ओळींचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं मी लिहिते. तीन आठवड्यांत एक्केचाळीस लिहिली. रोहन म्हणतात माझा हात जलद आहे.

तू कानांची काळजी घे.

तुझी,
वैदेही


मिरज
१९ जुलै २०२५

चि. वैदेही,

पत्र दोनदा वाचलं. गुडघ्यात "कष्ट" होत नाहीत, त्रास होतो. औषध "खात" नाहीत, घेतात. बंगाली तुझ्या मराठीत डोकावतं ते मला आवडतं, पण सांगायचं काम माझं. डमडमला असताना माझी आई मलाही असंच सांगायची. तुझ्या आजोबांची, म्हणजे नानांची नोकरी विमानतळावर हवामान खात्यात, आजूबाजूला सगळे बंगाली, मीही औषध खातच मोठी झाले.

तुझं काम मला समजलं. बत्तीस वर्षं वॉर्डात ते केलंय. पाळी संपताना चार्ज देतात, म्हणजे आपल्या पेशंटांची वही पुढच्या नर्सच्या हाती द्यायची. आपण घरी जातो. मागे राहते ती वही. पुढची बाई तेवढंच वाचून पेशंट सांभाळते.

फरक एवढाच की पुढची बाई विचारू शकते. दारातून हाक मारते, "सिस्टर, याचा अर्थ काय?" तुझा एजंट विचारतो का? विचारत नसेल तर न विचारणाऱ्यासाठी लिहिणं फार अवघड. तो अडखळणार नाही. चुकीचा अर्थ लावील आणि निःशंक पुढे जाईल.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते. पेशंटला चोवीस तासांत लघवी किती झाली ते आम्ही तक्त्यात लिहीत असू. नवीन मुली न मोजलेल्या रकान्यात शून्य टाकायच्या. मी त्यांना उभं करून विचारायची, "शून्य म्हणजे काय? झालीच नाही, की तू मोजली नाहीस?" झालीच नसेल तर मूत्रपिंड बंद पडलंय, डॉक्टरांना धावत बोलवायला हवं. मोजली नसेल तर तसं लिहा: मोजलेलं नाही. त्यात लाज नाही. तुझ्या टूलना हे लिहिता येतं का?

मीनाक्षीला सांग, गुडघे शेकताना पाय लोंबकळत ठेवू नकोस.

आशा आत्या


बेहाला
३० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. ऑफिसात बरंच काही घडलं.

लँडलाइनचा विभाग बंद करण्यात आला. जुलैच्या शेवटी रोहनना एजंटकडून एक अहवाल मिळाला होता. त्यात दोनशे बारा खात्यांचा नव्वद दिवसांतला वापर शून्य दाखवण्यात आला होता. ही खाती निष्क्रिय आहेत आणि त्यांच्यासाठीचा खर्च थांबवता येईल, असं सुचवलं गेलं होतं. एक ऑगस्टला सगळ्यांना सूचना पाठवण्यात आली. अठरा तारखेपासून फोन बंद झाले. नूपुर आणि तिच्या सात जणींना कामावरून कमी करण्यात आलं.

ती खाती निष्क्रिय नव्हती, हे नंतर लक्षात आलं. ती सगळी लँडलाइनवाल्यांची होती. टूल फक्त ॲपमधली बटणं मोजतं. फोनवरच्या बोलण्याची नोंद वेगळ्या ठिकाणी असते, तिथे एजंट पोचत नाही. टूलचं वर्णन अपुरं राहिलं होतं.

डमडमला नागेरबाजारजवळ शोभना दत्तगुप्त म्हणून एक बाई राहतात, एक्क्याऐंशी वर्षांच्या. मुलगा बंगळुरूला. एकोणीस तारखेला सकाळी त्या न्हाणीघरात पडल्या. कामवाली दोन दिवस गावी गेली होती. एकवीसला ती आली तेव्हा दार उघडलं गेलं नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी पार कमी झालं होतं. ऑपरेशन झालंय. वाचतील असं सांगण्यात आलं.

आता ऑफिसात चौकशी चालू आहे. आईला यातलं काही बोललेले नाही.

वैदेही


मिरज
९ सप्टेंबर २०२५

चि. वैदेही,

तुझ्या पत्रात कुणीच काही केलेलं नाही. सगळं करण्यात आलं, पाठवण्यात आलं, राहिलं होतं. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, ती वर्णनं मी लिहिते. म्हणजे हेही तूच लिहिलंस. मला कळलं, ते कळलं एवढंच तुला सांगते.

आता मी काय म्हणते ते ऐक. त्या कामावर तुझं नाव कुठे लिहिलेलं आहे का? नसेल तर आपणहून पुढे होऊ नकोस. अहवाल यंत्रानं दिला, निर्णय तुझ्या साहेबानं घेतला, सूचना आणखी कुणी पाठवली. इतके हात लागले की दोष वाटला जातो, आणि वाटला गेला की हलका होतो. बाई वाचली आहे. तू बोललीस म्हणून तिचं हाड लवकर जुळणार नाही. सुधाकर नाही, मीनाक्षीचं दुखणं आहे, घर तुझ्यावर आहे. खाली मान घालून काम कर, पुढच्या वेळी नीट लिही. काही महिन्यांत लोक विसरतील.

हे मी विचार करून लिहिते आहे.

आशा आत्या


बेहाला
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

हो. मी लिहिलं होतं. शब्द हे होते: "दिलेल्या खात्याचा गेल्या नव्वद दिवसांतला वापर देते. वापर नसल्यास शून्य." मूळ इंग्रजीत, पण एवढंच. लिहायला दोन मिनिटंही लागली नसतील. त्या दिवशी मी नऊ टूल संपवली होती.

त्याहून वाईट गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझं लघवीच्या तक्त्याचं पत्र मला अठ्ठावीस जुलैला मिळालं. अहवाल त्याआधी चार दिवस आला होता. फोन बंद व्हायला तीन आठवडे बाकी होते. मी पत्र आईला वाचून दाखवलं. दोघी हसलो, आत्या अजून मुलींना उभं करून शून्याचा अर्थ विचारते म्हणून. मग ते कपाटात ठेवलं. माझ्या स्वतःच्या टूलमध्ये शून्य आहे हे मनात आलं सुद्धा. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

नूपुर मला एक ऑगस्टलाच भेटायला आली होती. म्हणाली, "दीदी, मशीन म्हणतंय आमची सेवा कोणी वापरत नाही. मी रोज सत्तावीस जणांशी बोलते. मग मी कोणाशी बोलते?" मी तिला म्हटलं की आकडे वरून येतात, मी बघते. मी बघितलं नाही. रोहन तेव्हा गुंतवणूकदारांच्या मागे होते, सगळे खूश होते, आणि मला "एक वर्णन चुकलंय" असं उठून सांगायची लाज वाटली. आत्या, कारण एवढंच आहे. भीती नाही, नोकरी नाही. लाज.

चौकशीत असं ठरलंय की चूक एजंटची. अहवालात "एआयच्या आकलनातील त्रुटी" असं लिहिलंय. माझं नाव कुठे नाही. तू सांगितलंस तसं मी करू शकते, सगळं तयार आहे.

पण तू असं का सांगितलंस? न मोजलेल्या रकान्यात शून्य टाकलं म्हणून तू पोरींना उभं करायचीस. आणि मला म्हणतेस खाली मान घाल. पुढे काय लिहावं मला कळत नाहीये. गल्लीत पूजेचा मांडव उभा राहतोय, पोरं दिवसभर बांबू ठोकतात. मी कामावर जाते आणि येते.

वैदेही


मिरज
१६ ऑक्टोबर २०२५

चि. वैदेही,

तू विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. तेवढे दिवस मला लागले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या वडिलांनाही नाही.

मी नर्सिंग कोलकात्यातच शिकले आणि तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात लागले, हे तुला माहीत आहे. शहात्तर साली सोडून इकडे आले. घरात असं सांगितलं गेलं की तिथली दमट हवा मला मानवेना. आता बघ, मीही लिहिते, सांगितलं गेलं. मी सांगितलं.

पंच्याहत्तर सालच्या ऑगस्टची गोष्ट. मी चोवीस वर्षांची. माझी दुपारची पाळी होती. बजबजच्या ज्यूट मिलमधला एक माणूस आणला होता, माळ्यावरून पडून डोक्याला मार लागलेला. तीसेक वर्षांचा असेल. दुपारभर ओरडत होता. बायकोला हाका मारत होता, पलंगाचे गज धरून उठू बघत होता. वॉर्डात सत्तावन्न पेशंट आणि आम्ही दोघी. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो गप्प झाला. मला सुटल्यासारखं वाटलं. मी लांबून पाहिलं, डोळे मिटलेले, छाती हलते आहे. जवळ गेले नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या नाहीत, हाक मारून बघितली नाही. डोक्याला मार लागलेला माणूस असा एकाएकी गप्प होतो तेव्हा तो झोपलेला नसतो, शुद्ध हरपत असते, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

आठला चार्ज देताना मी वहीत लिहिलं: पेशंट शांत.

पुढच्या पाळीला नवीन मुलगी होती, लागून दोन महिने झालेले. तिनं वाचलं, शांत. दिवसभर तळमळलेला माणूस आता झोपलाय, त्याला उठवायचं नाही, असं तिनं धरलं. चांगली नर्स तेच करील. सकाळी तो गेलेला होता.

मेट्रननं मला आणि त्या नवीन मुलीला बोलावलं. वही टेबलावर उघडी होती. मेट्रननं मला विचारलं, "तू पाहिलंस तेव्हा तो कसा होता?" मी म्हटलं, शांत होता. म्हणजे वहीत होतं तेच म्हटलं. त्यापुढे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग ती त्या मुलीकडे वळली: आठ ते सहा तू एकदाही तपासलं नाहीस? ती म्हणाली, "लिहिलं होतं ना शांत आहे म्हणून." तिनं माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघत होते.

तिला काढून टाकलं. मेट्रननं मला नंतर एकटीला बोलावून सांगितलं, खाली मान घालून काम कर, काही महिन्यांत लोक विसरतील. तुला लिहिलेले शब्द तिचे आहेत. मला वाटत होतं ते माझे आहेत.

लोक विसरले, हे खरं. दोष वाटला गेला हेही खरं, पण हलका झाला नाही. सगळा तिच्यावर गेला आणि माझ्याकडेही पुरा उरला. मी बत्तीस वर्षं मुलींना शून्याचा अर्थ विचारला, त्यातल्या एकीलाही हे सांगितलं नाही. चांगली शिस्तीची बाई म्हणून निरोपाला शाल मिळाली.

तुला गप्प राहा म्हटलं, कारण तू बोललीस तर मी का बोलले नाही याला उत्तर उरणार नाही. एवढंच. ते सप्टेंबरचं पत्र फाडून टाक आणि तुला काय करायचं ते तू ठरव.

आशा आत्या


बेहाला
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसला जाताना वाचलं, आणि उतरायचं ठिकाण मागे पडलं. त्यावर काही लिहायची माझी लायकी नाही. मी काय केलं तेवढं सांगते.

दिवाळी झाल्यावर रोहनकडे गेले. म्हटलं, चौकशीच्या अहवालात एजंटची चूक लिहिली आहे, ती बरोबर नाही. त्यानं मी लिहिलेलं वाचलं आणि मी लिहिलं होतं तसंच केलं. वर्णनात टूल काय मोजत नाही ते नव्हतं. नूपुर सांगायला आली होती तेव्हाही मी थांबवलं नाही.

रोहन वाईट माणूस नाहीत. बराच वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे तू मला सांगितलंस ते ठीक आहे. पण ते या खोलीतच राहू दे." मी म्हटलं, "दत्तगुप्तांच्या मुलाला मी पत्र लिहिलंय. आजच टाकलं." ते उठून खिडकीशी गेले.

त्या शनिवारी मेट्रोनं डमडमला गेले. शोभनादी आता घरी आल्यात, वॉकर धरून चार पावलं टाकतात. खोलीत आयोडीनचा वास होता. टेलिफोन पलंगाजवळ स्टुलावर आणून ठेवलाय. मी कोण ते सांगितलं, मग सगळं सांगितलं. टूल, वर्णन वगैरे शब्द टाळून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "मी सदतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. नीट सांग."

नीट सांगितलं. त्यांनी विचारलं, "फोन बंद होणार हे मला कुणी कळवलं का नाही?"

"सूचना पाठवली होती. मोबाइलच्या ॲपवर."

"ते मी कधी उघडलं नाही."

"हो. म्हणूनच तुमचा आकडा शून्य होता."

त्या हसल्या नाहीत. छताकडे बघत बोलायला लागल्या. "सोमवारी फोन आला नाही तेव्हा मला वाटलं नूपुरला ताप आला असेल. मंगळवारी पडले तेव्हा आठ वाजले होते. मला भीती नाही वाटली, खरं सांगते. नऊला ती फोन करणार, मी उचलणार नाही, ती खालच्या सेनबाबूंना कळवणार. एक तास काढायचा होता. मी बडबड करत होते, नद्यांची नावं म्हणत होते. मग बाहेरच्या घड्याळात नऊचे ठोके पडले. मला वाटलं घड्याळ पुढे गेलंय. दहा पडले तेव्हाही मला वाटलं घड्याळच चुकतंय."

मी तिथे बसून होते, आत्या. क्षमा मागितली. त्यांनी चादर वर ओढून घेतली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तू जा. मला थकवा आलाय." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी ये. तुझ्यावरचा राग मला अजून नीट समजलेला नाही." त्यानंतर मी दोन शनिवार जाऊन आले. अजून समजलेला नाही म्हणतात, पण चहा ठेवायला सांगतात.

मुलानं ग्राहक मंचाकडे तक्रार केली आहे. माझा लेखी जबाब मागितला, मी दिला. कंपनीच्या वकिलांनी तो मागे घ्यायला सांगितलं, मी घेतला नाही. जानेवारीअखेर मी नोकरीवर नसेन. आईला सांगितलं. ती म्हणाली, "सुधाकर असते तर," आणि वाक्य तिथेच सोडून माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तोवर एक काम हातात आहे, ते रोहननीच दिलं. सगळी एक्केचाळीस वर्णनं पुन्हा लिहिते आहे. दर रविवारी नूपुर येते. आठ जणींपैकी चौघींना परत घेतलंय, फोन सुरू झालेत, पण नूपुर परत आली नाही. ठाकुरपुकुरला एका दवाखान्यात लागली. मी तिला म्हटलं तू का येतेस मग. म्हणाली, "मी नाही आले तर तू परत घाईत लिहिशील." मी वर्णन मोठ्यानं वाचते, ती अर्थ सांगते. तिला कोडिंगचं काही येत नाही. तिला चुकीचा अर्थ लागला की मी खोडते. एका रविवारी चारच होतात. त्या पहिल्या टूलसारखी आणखी सहा सापडली, कुणाचं तरी असणं नोंदवत नसलेली.

त्या टूलचं वर्णन आता असं आहे, तुला मराठीत देते:

"हे टूल फक्त मोबाइल ॲपमध्ये दाबलेली बटणं मोजतं. लँडलाइनवरचं बोलणं यात येत नाही. शून्य म्हणजे त्या माणसानं ॲपमध्ये बटण दाबलं नाही, एवढंच. तो सेवा वापरत नाही असा अर्थ लावू नये. खातं लँडलाइनचं असेल तर टूल शून्य देणार नाही, 'मोजलेलं नाही' असं देईल. तसं उत्तर आलं तर ते तसंच सांगावं आणि फोनच्या नोंदी माणसाकडून मागवाव्यात. केवळ या आकड्यावरून कोणाची सेवा बंद करण्याचं सुचवू नये."

शेवटचं वाक्य वाचून नूपुरनं विचारलं, "आणि तो तरीही सुचवेल?" मी म्हटलं, सुचवू शकतो. म्हणून सेवा बंद करायचा अधिकार त्याच्याकडे तर नाहीच, आता एकट्या साहेबाकडेही नाही. त्या घरी फोन करणाऱ्या बाईची सही लागते.

तुझं ते पत्र मी फाडलेलं नाही. तू मला लिहिलेलं सगळं मी ठेवणार आहे, चुकीचं सुद्धा.

तुझी,
वैदेही


मिरज
१० डिसेंबर २०२५

चि. वैदेही,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या हॉस्पिटलला लिहायला बसले. काय झालं ते तारखेनिशी लिहिलं, चूक माझी होती, त्या मुलीची नव्हती, हे नोंदवून घ्या असं लिहिलं. इथल्या शेजारच्या ओंकारनं इंग्रजी तपासून ईमेलनं पाठवलं. काल उत्तर आलं, दोन ओळींचं. एवढी जुनी कागदपत्रं त्यांच्याकडे नाहीत. वही नाही, चौकशीचा कागद नाही, त्या काळातल्या नर्सेसची यादी नाही. तुमच्या पत्राबद्दल आभारी आहोत.

म्हणजे आता सांगायला कुणी उरलं नाही. मेट्रन गेली. तो माणूस गेला, त्याच्या बायकोचं नाव मला कधी माहीतच नव्हतं, नुसत्या त्यानं मारलेल्या हाका ऐकल्या होत्या. ती मुलगी असली तर सत्तरीच्या पुढे असेल. लग्न झालं असेल तर आडनाव बदललं असेल. नर्सिंगचं नाव तिनं पुन्हा काढलं असेल असं वाटत नाही.

हे वाचून तू तिला शोधायला निघशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. तुला नको म्हणत नाही. पण मी पन्नास वर्षं थांबले आणि त्यात शोधता येण्यासारखं बहुतेक सगळं संपलं, हे माझ्या खात्यावर आहे, तुझ्या नाही. तुझी बाई निदान तुझ्यावर रागावायला समोर आहे. दर शनिवारी जात जा. चहा मिळो न मिळो.

नोकरीचं होईल काही. मीनाक्षीला म्हणावं मी फेब्रुवारीत येते, दोन महिने राहीन.

सोबत एक पाकीट आहे, ते मीनाक्षीला दे. चिकटवलेलं नाही, तूही वाच. तुला लिहिलं तेच सगळं त्यात लिहिलंय, फक्त एक गोष्ट जास्त आहे. तुला लिहिताना मी त्या मुलीला "नवीन मुलगी" म्हणत राहिले. मला तिचं नाव आठवत नव्हतं असं तुला वाटलं असेल. मला ते एकही दिवस विसरता आलेलं नाही.

तिचं नाव कणिका सरखेल. बारासातची होती. काम चोख करायची.

आशा आत्या